प्रपंच न सोडता फ्रान्सिस्कन: सेक्युलर फ्रान्सिस्कन ऑर्डरमध्ये येऊ पाहणाऱ्यांसाठी

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवण्यात आलं. त्यांत आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया होते, हे धर्मशिक्षणाच्या वर्गात बसलेल्या प्रत्येक पोराला ठाऊक असतं. बाकीच्यांबद्दल आपण फारसं बोलत नाही. त्या सव्वीस जणांत गोन्सालोंसह सहा फ्रान्सिस्कन बंधू होते, तीन येशूसंघीय (जेझुइट) होते आणि उरलेले सतरा जण जपानी प्रापंचिक. कोणी वैद्य, कोणी तलवारींना धार लावणारा, एक सुतारकाम करणारा आणि त्याच्याबरोबर त्याचा पोरसवदा मुलगा. परंपरेने त्यांना संत फ्रान्सिसच्या 'तिसऱ्या ऑर्डर'चे सदस्य मानलं जातं. मठात न राहता, आपापल्या धंद्यात राहून त्यांनी असिसीकर फ्रान्सिसची वाट धरली होती.

ती ऑर्डर आजही आहे. आजचं तिचं नाव सेक्युलर फ्रान्सिस्कन ऑर्डर, थोडक्यात ओएफएस. आपल्याकडची जुनी माणसं अजून 'तिसरी ऑर्डर'च म्हणतात. तिच्यात येण्याचा विचार मनात घोळत असेल, किंवा कोणी "या ना आमच्या मीटिंगला" म्हणून बोलावलं असेल, तर पुढे काय काय करायचं असतं ते इथे क्रमाने सांगतो.

त्याआधी एक गोष्ट मनातून काढून टाका. ही फादरांना मदत करणाऱ्या मंडळींची संघटना नाही. तिला स्वतःचे नियम आहेत, स्वतःचे निवडून दिलेले प्रमुख आहेत आणि पोपमहोदयांनी मान्य केलेलं स्वतःचं स्थान आहे. फ्रान्सिस्कन बंधू, क्लॅराच्या मठवासी भगिनी आणि हे प्रापंचिक, सगळे एकाच घराण्यातले. कॅनन लॉच्या, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या, ३०३ व्या कलमात अशा संघांची व्याख्या आहे: एखाद्या व्रतस्थ संस्थेच्या चैतन्यात सहभागी होऊन, त्या संस्थेच्या वरच्या मार्गदर्शनाखाली, पण जगात राहून ख्रिस्ती परिपूर्णतेसाठी झटणारे लोक. 'जगात राहून' हे दोन शब्द नीट लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यांच्यावरच उभ्या आहेत.

पायरी पहिली: नियमावली वाचा, आणि मग मागे वळून इतिहास बघा

सुरुवात कुठल्याही मीटिंगपासून नको, नियमावलीपासून करा. सहावे पॉल यांनी २४ जून १९७८ रोजी ती मंजूर केली. सगळी मिळून २६ कलमं, शांतपणे वाचली तरी अर्ध्या तासात संपतात. सुरुवातीला प्रस्तावना म्हणून फ्रान्सिसचं श्रद्धावंतांना लिहिलेलं पत्र जोडलं आहे. चौथं कलम दोनदा वाचा. सगळ्याचं सार तिथे आहे: शुभवर्तमानाकडून जीवनाकडे जायचं आणि जीवनाकडून पुन्हा शुभवर्तमानाकडे यायचं. म्हणजे बायबलवर्गात ऐकलेलं बाजारात घेऊन जायचं आणि बाजारात जे घडलं ते घेऊन पुन्हा वचनासमोर बसायचं.

हे वाचून "यात नवीन काय, हे तर प्रत्येक ख्रिस्ती माणसाने करायचं असतं" असं वाटलं तर वाचन बरोबर झालं आहे. फ्रान्सिसने वेगळं काही मागितलंच नाही. जे सगळ्यांना सांगितलेलं आहे तेच जाहीरपणे, आयुष्यभरासाठी आणि चार जणांच्या साक्षीने स्वीकारायचं, एवढाच फरक. पण तो फरक लहान नाही.

इतिहास थोडक्यात. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीत अनेक विवाहित स्त्री-पुरुष प्रायश्चित्ताचं जीवन जगू लागले होते. फ्रान्सिसच्या प्रभावाने त्यांतल्या कित्येकांना दिशा मिळाली. परंपरेनुसार पोज्जीबोन्सी गावचा धान्याचा व्यापारी लुकेसियो आणि त्याची बायको बुओनादोन्ना हे पहिल्या सदस्यांपैकी. १२२१ मध्ये या लोकांच्या जीवनपद्धतीचा पहिला लिखित मसुदा झाला. १२८९ मध्ये चौथे निकोलस यांनी नियमावली दिली, ती जवळजवळ सहाशे वर्षं चालली. १८८३ मध्ये तेरावे लिओ यांनी ती बरीच सोपी केली आणि त्यानंतर आली आजची, १९७८ ची.

त्यातला १२२१ चा मसुदा मला सगळ्यात मजेदार वाटतो, कारण तो हवेत बोलत नाही. कापड किती किमतीपर्यंतचं घालायचं हे त्यात ठरवून दिलं आहे. प्राणघातक शस्त्र बाळगायचं नाही. ऊठसूट शपथा घ्यायच्या नाहीत, आणि त्या काळात सरदाराच्या बाजूने लढायला जाण्याची शपथ घ्यावी लागे, म्हणजे या नियमाचा थेट राजकीय परिणाम होता. आत येण्याआधी ज्याचं जे देणं असेल ते परत करायचं, शेजाऱ्याशी भांडण असेल तर समेट करायचा. आणि आत आल्यावर तीन महिन्यांत मृत्युपत्र करायचं.

वसईत, आगाशीत, उत्तनमध्ये किंवा गोव्यात भावाभावांत जमिनीवरून कोर्टात चाललेले दावे ज्याने पाहिले आहेत, त्याला या शेवटच्या नियमाचं मोल वेगळं सांगायला नको. आजच्या नियमावलीत मृत्युपत्राची सक्ती नाही. तरीही, या वाटेवर यायचं असेल तर रोझरीची संख्या वाढवण्याआधी सातबाऱ्यावरची भांडणं मिटवायला घ्या, असं मी कोणालाही सांगेन. त्यात वर्ष गेलं तरी चालेल.

पायरी दुसरी: फ्रान्सिसच का, हे स्वतःला विचारा

प्रापंचिकांना आपल्या वाटेवर सामावून घेणारी फ्रान्सिस्कन ही एकटीच ऑर्डर नाही. एकांतातल्या मौनप्रार्थनेची ओढ असेल, आविलाच्या तेरेसाशी आणि क्रुसाच्या योहानाशी मन जुळत असेल, तर सेक्युलर कार्मेलाइट बघा. तिथे रोजच्या ध्यानावर भर असतो आणि घडणीचा, म्हणजे आध्यात्मिक शिक्षणाचा, काळ बराच लांब असतो. अभ्यास, सत्याचा शोध, प्रवचन यांकडे कल असेल तर डॉमिनिकन प्रापंचिक. पोरांमध्ये काम करायचं असेल, शाळा-वसतिगृह-खेळाचं मैदान हेच तुमचं जग असेल, तर सालेशियन सहकारी. डॉन बॉस्को यांच्या या संघाला १८७६ मध्ये मान्यता मिळाली, आणि माटुंग्याचं डॉन बॉस्को आपल्यातल्या अनेकांना माहीत आहेच. निर्णय कसे घ्यावेत, देवाची इच्छा कशी ओळखावी हा प्रश्न सतत पडत असेल तर संत इग्नेशियसच्या वाटेवरची ख्रिस्ती जीवन समाज ही चळवळ आहे, तिला सगळे सीएलसी म्हणतात.

फ्रान्सिसकडे कोणी यावं? ज्याला पैशाविषयी अस्वस्थ वाटतं त्याने. ज्याला गरीब माणूस दिसला की मान फिरवता येत नाही, झाडं-पाणी-पाखरं यांच्याशी आपलं काही नातं आहे असं वाटतं, आणि एकट्याने पवित्र होण्यापेक्षा चार विचित्र माणसांना भाऊ-बहीण म्हणून सहन करणं जास्त खरं वाटतं, त्याने. शेवटचा मुद्दा मी मुद्दाम घातला आहे. ओएफएसमध्ये एकट्याने राहताच येत नाही. फ्रॅटर्निटी, म्हणजे सदस्यांचा स्थानिक बंधुसमाज, नाही तर ओएफएस नाही.

एक व्यावहारिक बाब: दुसऱ्या व्रतस्थ संस्थेत किंवा दुसऱ्या धार्मिक घराण्यात आजीवन वचन दिलेलं असेल तर ओएफएसमध्ये येता येत नाही. म्हणून ही निवड आधी करा. लिजन ऑफ मेरी, संत विन्सेंट डी पॉल सोसायटी यांचं तसं नाही, तिथलं काम चालू ठेवता येतं. पण आठवड्याच्या सगळ्या संध्याकाळी आधीच चर्चच्या आवारात जात असतील, तर आणखी एक मंडळ म्हणून हे जोडू नका. घरचे लोक तुम्हाला विसरतील.

पायरी तिसरी: आपण बसतो का ते पाहा

अटी मोजक्या आहेत. कॅथलिक श्रद्धा असावी, चर्चशी सहभागिता असावी, वागणूक चांगली असावी आणि पाचारणाची स्पष्ट चिन्हं दिसावीत. प्रोफेशनसाठी, म्हणजे सदस्य म्हणून जाहीर वचन देण्यासाठी, किमान वय अठरा पूर्ण. त्याहून जास्त वय ठरवायचं की नाही ते प्रत्येक देशाची राष्ट्रीय फ्रॅटर्निटी ठरवते. विवाहित, अविवाहित, विधवा, विधुर सगळे चालतात. धर्मप्रांतीय धर्मगुरूही सदस्य होऊ शकतात. शिक्षण, जात, पैसा याला काही अर्थ नाही. तरुण मुलामुलींसाठी युफ्रा नावाचा स्वतंत्र विभाग आहे, तिथून अनेक जण पुढे ओएफएसमध्ये येतात.

लग्नाबाबत किंवा संस्कारांबाबत काही गुंतागुंत असेल तर ती लपवून पुढे जाऊ नका. आध्यात्मिक सहायकाशी, म्हणजे फ्रॅटर्निटीला मार्गदर्शन करणाऱ्या फादरांशी, सुरुवातीलाच मोकळेपणाने बोला.

जोडीदाराशीही बोला. जुन्या नियमांत विवाहित स्त्रीला नवऱ्याची संमती लागत असे. आज कोणी तसं पत्र मागत नाही, पण संमती मागण्यातलं शहाणपण दोन्ही बाजूंनी लागू पडतं. महिन्यातला एक रविवार तुम्ही घराबाहेर असणार, घरखर्चाचे काही निर्णय बदलणार. हे नवऱ्याला किंवा बायकोला फ्रॅटर्निटीच्या वार्षिक कार्यक्रमात इतरांकडून कळायला नको.

पायरी चौथी: फ्रॅटर्निटी शोधा

जवळच्या फ्रान्सिस्कन, कपुचिन, कन्व्हेंच्युअल किंवा टीओआर (थर्ड ऑर्डर रेग्युलर) बंधूंच्या मठात जाऊन विचारा. या चारही शाखा ओएफएसला आध्यात्मिक सहायक पुरवतात, त्यामुळे आसपास फ्रॅटर्निटी असेल तर त्यांना माहीत असते. फ्रान्सिस्कन परंपरेतल्या सिस्टरांनाही विचारायला हरकत नाही. धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंना जरूर सांगा, पण त्यांना ओएफएसबद्दल सगळं ठाऊक असेलच असं गृहीत धरू नका.

गोव्यातल्या वाचकांना एक खूण. गोवा वेल्हा इथे उपवासकाळातल्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी निघणारी संतांच्या मूर्तींची मिरवणूक तुम्ही पाहिली असेल, खाजाही घेऊन आला असाल. ती परंपरा या तिसऱ्या ऑर्डरचीच. मूर्तींच्या रांगेत राजे-राण्या दिसतात, त्याचं कारणही तेच: फ्रान्सचा राजा संत नववा लुई आणि हंगेरीची संत एलिझाबेथ हे ओएफएसचे आश्रयदाते संत. एलिझाबेथने वैधव्यानंतर मारबुर्गला फ्रान्सिसच्या नावाने रुग्णालय उभारलं, तिथे स्वतः सेवा केली आणि १२३१ मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी ती गेली.

फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा झूमवर फ्रान्सिस्कन होण्याचा नाद धरू नका. ऑनलाइन वर्ग मदतीला असू शकतात, पण सदस्यत्व स्थानिक फ्रॅटर्निटीतच नोंदलं जातं. तुमच्या भागात फ्रॅटर्निटीच नसेल तर? नवी स्थापन करायला आजीवन प्रोफेशन झालेले किमान पाच सदस्य लागतात. म्हणून सुरुवातीला जवळच्या शहरातल्या फ्रॅटर्निटीशी जोडून घ्यायचं आणि तुमच्या गावात इच्छुकांचा गट हळूहळू तयार करायचा. याला वर्षं लागतात.

पायरी पाचवी: पाहुणा म्हणून बसा, आणि गप्प बसा

पहिले काही महिने पाहुणेच असता. बैठकीत सहसा प्रार्थना होते, नियमावलीचा किंवा फ्रान्सिसच्या लेखनाचा एखादा भाग घेऊन चर्चा होते, मग कामकाज, मग चहा. चहाच्या वेळेला कान उघडे ठेवा. कोण आजारी आहे, कोणाच्या मुलाची नोकरी गेली, हे एकमेकांना माहीत आहे का? गैरहजर सदस्याच्या घरी कोणी जाऊन आलं का? मिनिस्टर म्हणजे प्रमुखाशी असहमत होण्याची मुभा आहे का? बैठक कुठल्या भाषेत चालते हेही विचारा. मुंबईत इंग्रजीच असणार असं धरून चाललात आणि बोलताना अडखळू लागलात, तर घडणीच्या काळात खरं बोलणं राहूनच जातं. मराठीतून वाटून घेण्याची सोय मागायला लाजू नका.

सगळे सदस्य साठीच्या पुढचे दिसले तर निराश होऊ नका. पण त्यांनी पहिल्याच दिवशी "आता तुम्ही तरुण माणसं सांभाळा" म्हणत तुमच्या हातात वही दिली, तर नम्रपणे ती परत करा. आधी शिकायचं आहे.

पायरी सहावी: प्रवेश आणि घडणीचा काळ

ओळखीचा काळ संपला की तुम्ही मिनिस्टरकडे प्रवेशासाठी रीतसर विनंती करता, शक्यतो लेखी. बाप्तिस्म्याचा दाखला जवळ असू द्या. निर्णय फ्रॅटर्निटीचं कौन्सिल घेतं. मग सगळ्यांसमोर छोटा प्रवेशविधी होतो आणि नाव वहीत नोंदलं जातं. बऱ्याच ठिकाणी या विधीत टाऊ हा टी-आकाराचा क्रूस देतात. फ्रान्सिस आपल्या पत्रांवर हीच खूण करीत असे. पूर्वी झग्याऐवजी खांद्यावर घालायचं छोटं वस्त्र आणि कमरेला दोरी असे. आता रोजच्या कपड्यांत टाऊ पुरतो.

इथून घडणीचा काळ सुरू होतो: किमान एक वर्ष, आणि राष्ट्रीय नियमांप्रमाणे त्याहून जास्त. घडणीची जबाबदारी एका खास सदस्याकडे असते. फ्रान्सिस आणि क्लॅरा यांचं चरित्र, नियमावली, २००० मध्ये कायम झालेलं सर्वसाधारण संविधान, चर्चची सामाजिक शिकवण, प्रार्थनेच्या पद्धती हे सगळं त्यात येतं.

फ्रान्सिसबद्दल वाचताना लांडग्याच्या आणि पाखरांच्या गोष्टींवर थांबू नका. कापडाच्या व्यापाऱ्याचा मुलगा, युद्धात पकडला गेलेला कैदी, महारोग्यांना पाहून नाक मुरडणारा आणि नंतर त्यांच्यातच राहायला गेलेला माणूस, अशा क्रमाने त्याला वाचा. मरण्याआधी लिहून ठेवलेल्या वसीयतीत तो आपल्या बदलाची सुरुवात महारोग्यांमध्ये गेल्यापासून मोजतो. त्याच्याबरोबर दोन आधुनिक प्रापंचिकही वाचा. डब्लिनचा मजूर मॅट टॅलबट: दारूच्या व्यसनातून सुटला, तिसऱ्या ऑर्डरचा सदस्य झाला, मजुरी करीतच १९२५ मध्ये गेला. आणि ऑस्ट्रियातला शेतकरी, गावच्या चर्चचा साक्रिस्तान (पूजेच्या साहित्याची देखभाल करणारा) फ्रान्स येगरश्टेटर: तीन मुलींचा बाप, हिटलरच्या सैन्यात लढायला नकार दिला म्हणून ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला, २००७ मध्ये त्याला धन्यवादित घोषित केलं गेलं. 'आम्ही साधे प्रापंचिक, आम्ही काय करणार' हे वाक्य या दोघांना वाचल्यावर तोंडात येत नाही.

या काळात दिवसाची घडी बसवायची असते, आणि बहुतेक जण अडतात ते इथेच. चर्चची प्रहरांची प्रार्थना, निदान सकाळ-संध्याकाळची, ही ओएफएसची नेहमीची पद्धत. पण नियमावली लवचीक आहे आणि साधे पर्यायही दिलेले आहेत. विरारहून सकाळची लोकल पकडणाऱ्याला मेणबत्ती लावून वीस मिनिटं बसता येणार नाही. त्याने गाडीत उभ्याने फोनवर एखादं स्तोत्र वाचलं तरी ती प्रार्थनाच. शक्य तितक्या वेळा मिस्सा, नियमित पापनिवेदन, रोज थोडं शुभवर्तमान आणि रात्री दिवसाकडे एकदा मागे वळून बघणं, एवढं जमलं तरी पाया घातला गेला. सुरुवातीच्या उत्साहात पाच गोष्टी धरून तीन महिन्यांत पाचही सोडणारे पुष्कळ असतात.

प्रार्थनेपेक्षा अवघड आहे पैशाचं कलम, अकरावं. साधेपणाने राहा, वस्तूंची हाव आवरा, देवाच्या देणग्यांचे आपण फक्त कारभारी आहोत हे ओळखा, असा त्याचा आशय. ऐकायला गोड. आता हे आपल्या समाजात आणून बघा. मुलीचं लग्न आहे. हॉल, बँड, केक, शेकडो पानं, कर्ज काढून. वसईत काय नि साष्टीत काय, साधं लग्न केलं की "परवडलं नाही का?" असा प्रश्न येतो, आणि त्या प्रश्नाची भीती मोठी असते. सेक्युलर फ्रान्सिस्कन आईबापांना तो प्रश्न हसून घ्यायला शिकावं लागतं. मुलीची इच्छा वेगळी असेल तर तिच्याशी भांडून फ्रान्सिस तिच्यावर लादायचा नाही, हेही त्याच शिकण्यात येतं. कारण सतरावं कलम घरातली शांती आणि निष्ठा यांबद्दल आहे.

घडणीच्या काळात घरखर्चाचा हिशेब एकदा लिहून काढा. तीन महिन्यांचा पुरे. सोडून देण्याजोगं काय आहे ते तुमचं तुम्हालाच दिसेल. त्यातून जे वाचेल ते कोणाकडे जाणार हेही ठरवा, नाहीतर साधेपणा म्हणजे नुसती बचत होते. घरी काम करायला येणाऱ्या बाईंचा पगार वेळेवर आणि न्याय्य आहे का? दुकान असेल तर वजनकाटा? हाताखालच्या माणसांशी कसं बोलता? कामाकडे देवाची देणगी आणि समाजाची सेवा म्हणून पाहायला सोळावं कलम सांगतं. ते रोज सकाळी दहा वाजता लागू होतं.

सृष्टीबद्दलचं अठरावं कलमही आपल्या किनारपट्टीवर कागदावर राहू शकत नाही. बावखलं, म्हणजे वाडीतली तळी, बुजवली जातात, वाडी विकून टॉवर उभा राहतो, आणि विकणाऱ्यांत आपणही असतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या चळवळीत जो आवाज उठवला, तो धर्मप्रांतीय धर्मगुरूचा होता, ओएफएसचा नव्हे. पण ज्याने 'सूर्यबंधू', 'पाणी-भगिनी' म्हणत गीत रचलं त्याच्या नावाने चालणाऱ्यांना त्या वेळी घरी बसून चालणार नव्हतं, असं माझं मत आहे. असहमत होणारे सदस्य भेटतील. जरूर वाद घाला, बैठकीत.

पायरी सातवी: प्रोफेशन

घडण पूर्ण झाली की तुम्ही पुन्हा विनंती करता. घडणप्रमुख आणि आध्यात्मिक सहायक यांचं म्हणणं ऐकून कौन्सिल गुप्त मतदानाने निर्णय घेतं. "अजून थांबा" असं उत्तर आलं तर तो अपमान समजू नका. सगळ्यांना सरसकट होकार देणाऱ्या फ्रॅटर्निटीची मला जास्त काळजी वाटते.

प्रोफेशन बहुधा मिस्सेत होतं. तुम्ही बाप्तिस्म्याची वचनं ताजी करता आणि ओएफएसच्या नियमावलीप्रमाणे, आपल्या प्रापंचिक अवस्थेत, आयुष्यभर शुभवर्तमान जगण्याचं वचन देता. हे वचन चर्चच्या आणि फ्रॅटर्निटीच्या नावाने मिनिस्टर स्वीकारतो, म्हणजे तुमच्यासारखाच एखादा प्रापंचिक: शिक्षिका, रिक्षावाला, निवृत्त कारकून. धर्मगुरू साक्षीला असतात. बंधू-भगिनींची दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालनाची व्रतं यात नाहीत. लग्न तसंच राहतं, बँकखातं तुमच्या नावावरच राहतं. बंधन मात्र आजीवन आहे. खात्री नसेल तर आधी ठराविक मुदतीचं प्रोफेशन करून दरवर्षी ते नवं करण्याची सोय आहे. ती मागायला संकोच नको.

त्यानंतरचं

प्रोफेशननंतर घडण संपत नाही, बैठका चालूच राहतात. ऐपतीप्रमाणे समाईक निधीत वर्गणी द्यायची असते. किती ते तुम्हीच ठरवता. कौन्सिलची निवडणूक दर तीन वर्षांनी होते: मिनिस्टर, उपमिनिस्टर, सचिव, खजिनदार, घडणप्रमुख. वरच्या फ्रॅटर्निटीचे लोक आणि बंधूंकडून नेमलेले भेट देऊन पाहणी करतात, तेव्हा वह्या अद्ययावत असलेल्या बऱ्या.

फादर आध्यात्मिक सहायक असतात, अध्यक्ष नसतात. हे अनेक फादरांना आणि त्याहून जास्त सदस्यांना पटवावं लागतं. प्रत्येक ठरावावर "फादर काय म्हणतात?" असं विचारण्याची आपली सवय जुनी आहे. शिकवण आणि प्रार्थना याबाबत त्यांचं जरूर ऐका. सहलीची तारीख मात्र तुमची तुम्हीच ठरवा.

कामाचं काय? फ्रॅटर्निटी मिळून एखादं काम घेऊ शकते: कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत नियमित जाणं, स्थलांतरित मजुरांच्या मुलांचा अभ्यास, तुरुंगातल्या लोकांच्या घरच्यांशी संपर्क. पण तुमचं मुख्य कार्यक्षेत्र तुम्ही जिथे पगार घेता आणि जिथे झोपता तिथेच आहे. सणाच्या दिवशी मंडपात खुर्च्या लावायला माणसं हवी असतील तर जरूर जा, धर्मग्रामातले इतर लोक जातात तसे. फ्रॅटर्निटीला कायमचं खुर्च्या लावणारं पथक मात्र होऊ देऊ नका.

नोकरीसाठी दुबईला, कुवेतला किंवा पुण्याला जावं लागलं तर वचन तुमच्याबरोबर येतं, सदस्यत्व आपोआप येत नाही. आधी आपल्या कौन्सिलला कळवायचं, मग नव्या ठिकाणच्या मिनिस्टरकडे कारणासह विनंती करायची. जुन्या फ्रॅटर्निटीकडून लेखी माहिती मिळाल्यावर तिथलं कौन्सिल निर्णय घेतं. तिथे ओएफएस नसेल तर जुन्या फ्रॅटर्निटीतच नाव ठेवून पत्राने, फोनने संपर्कात राहा, आणि सुट्टीवर आलात की पहिल्या बैठकीला हजर व्हा. प्रकृतीमुळे किंवा घरच्या अडचणीमुळे काही काळ यायला जमणार नसेल, तरी तसं कौन्सिलला सांगून तात्पुरतं बाजूला होता येतं. न सांगता गायब झालेल्यांना शोधत फिरणं मिनिस्टरच्या वाट्याला येतं, आणि तो बिचारा बहुधा दिवसभर ऑफिसातच असतो.